सर्व उपस्थित सहमत

झिंडेलफिंगेन,
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

ती. पद्माकरकाकांना,

तिघांचाही नमस्कार, पण पत्र नेहमीप्रमाणे माझंच. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, इमेल तुम्ही उघडत नाही, आणि तुमचा पुतण्या म्हणतो, "काकांना काय लिहायचं ते तूच बघ." तेव्हा बघते.

विहान आठ वर्षांचा झाला. मी मराठीत विचारते, तो जर्मनमध्ये उत्तर देतो, आणि दोघंही आपापल्या जागी समाधानी असतो. थंडी अजून आहे. काकूंनी पाठवलेला गोडा मसाला संपत आलाय, हे मी सहज लिहितेय असं समजू नका.

एक नवीन गोष्ट. डिसेंबरपासून मी दर रविवारी सकाळी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, श्टुटगार्टला जाते, क्वेकर नावाच्या लोकांकडे. त्यांना पुजारी नाही, मूर्ती नाही, गाणं नाही. एका खोलीत गोलाकार खुर्च्या मांडलेल्या असतात. दहा-बारा माणसं येतात आणि तासभर गप्प बसतात. कोणाला अगदी आतून बोलावंसं वाटलं तर उभं राहून चार वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. बहुतेक रविवारी कोणी बोलतच नाही. शेवटी सगळे हात मिळवतात आणि कॉफी पितात.

मी तिथे पोचले ती वाचनालयातल्या भाषेच्या वर्गामुळे. युद्धातून पळून आलेल्या बायकांना जर्मन बोलायचा सराव देतात तिथे हिल्डेगार्ड नावाच्या पंच्याऐंशी वर्षांच्या बाई येतात. वर्ग फुकट, चहा फुकट, आणि आमच्या चुका त्या इतक्या प्रेमाने दुरुस्त करतात की पुन्हा कराव्याशा वाटतात. त्यांनीच बोलावलं. काका, तीन वर्षांत या देशात मला पहिल्यांदा अशी जागा सापडली जिथे माझं व्याकरण कोणी तपासू शकत नाही. पण खरं सांगायचं तर मला तिथे बरं वाटतं. हे लोक नुसते बसत नाहीत. युद्धाला विरोध करतात, निर्वासितांचे अर्ज भरून देतात, तुरुंगात भेटायला जातात. आणि कसलाही गाजावाजा नाही.

सिद्धांतच्या ऑफिसात गडबड आहे. गाड्यांचा धंदा मंदावल्यामुळे स्टिअरिंगच्या छोट्या मोटरी बनवणारा त्याचा विभाग बंद होतोय. त्या सगळ्यांना दुसऱ्या विभागात घेणार म्हणतात. बघू.

काकूंना नमस्कार.

तुमची,
ईश्वरी


पुणे,
३ मार्च २०२५

चि. ईश्वरी,

तुझं पत्र बावीस दिवसांनी पोचलं. वाटेत तेही कुठेतरी तासभर गप्प बसलं असावं.

क्वेकर हे नाव मी आजवर फक्त ओट्सच्या डब्यावर वाचलंय. डॉक्टरांनी तुझ्या काकूला ओट्स खायला सांगितल्यापासून त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याचं तोंड मी रोज सकाळी बघतो. तू त्याच्या देवळात जातेस की काय? काकू विचारते, बाप्तिस्मा घेतलास का? मी तसलं काही विचारत नाही. मी इतकंच विचारतो, की गप्पच बसायचं तर त्यासाठी गाडीने कशाला जायचं? मी नऊ वर्षं घरबसल्या, तिकीट न काढता काही ऐकत नाही. आणि अगदीच हौस असेल तर आपल्याकडे इगतपुरीला दहा दिवस गप्प बसवतात, जेवणासकट.

बरं, थट्टा पुरे. तुला परक्या गावात माणसं मिळाली, आनंद आहे. त्या हिल्डेगार्डबाईंना माझा नमस्कार सांग.

आता कामाचं. "दुसऱ्या विभागात घेणार" म्हणजे काय? इंजिनियरच्या बायकोने असं मोघम लिहू नये. तिथे काय बनतं, ते कशाला लागतं, नीट लिही. मी चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासनीस होतो. माल बघितल्याशिवाय कधी शिक्का मारला नाही, आणि पत्रातलं वाक्यही मी तसंच तपासतो. तुझं वाक्य मी नापास केलंय.

मोहन गेला तेव्हा सिद्धांत नऊ वर्षांचा होता. माझ्या भावाचा मुलगा म्हणून नव्हे, माझाच म्हणून वाढवला. त्याचं शिक्षण त्या फॅक्टरीच्या पगारावर झालं. उपकार म्हणून नाही, माहिती म्हणून लिहितो. त्याच्या नोकरीचं काही असलं तर मला कळायला हवं.

मसाला धाडतोय. काकूने डब्याला तीन प्लास्टिकच्या पिशव्या आणि दोन मीटर चिकटपट्टी लावली आहे. फोडायला सिद्धांतलाच बसव.

तुझा,
पद्माकरकाका


झिंडेलफिंगेन,
२ एप्रिल २०२५

ती. काकांना,

मसाला मिळाला. सिद्धांतने पाऊण तास झटापट केली.

तुम्ही वाक्य नापास केलंत, ते बरोबरच होतं. मी मुद्दाम मोघम लिहिलं होतं. पेपरात वाचलं त्याप्रमाणे नवीन विभागात ड्रोनचे पंख वळवणाऱ्या मोटरी बनणार आहेत. मोटर आधीच्यासारखीच, हाताच्या मुठीएवढी. फक्त हे ड्रोन परत येत नाही. जिथे पाठवलं तिथे जाऊन आपटतं आणि फुटतं. सिद्धांतने तीस जूनपर्यंत बदलीच्या कागदावर सही करायची आहे. नाही केली तर नोकरी संपली. आमचा इथला परवाना नोकरीवर आहे. दुसरी शोधायला थोडेच महिने मिळतात, आणि सध्या गाड्यांच्या कंपन्या कोणालाच घेत नाहीयेत. कायमच्या परवान्याचे कागद जानेवारीत होतील, त्याआधी नाही. त्या तारखेपलीकडे सिद्धांत याबद्दल घरात एक अक्षर बोलत नाही. मीही विचारत नाही.

आणि आता जे घडलं ते तुम्हालाच लिहितेय, त्याला अजून माहीत नाही.

परवाच्या रविवारी क्वेकरांची कामकाजाची सभा होती. मी सभासद नाही, पाहुणी. पण तुझंही मत आम्हाला हवंय, म्हणून हिल्डेगार्डने थांबवून घेतलं. त्या सभेच्या लेखनिक आहेत, कारण दुसरं कोणी तयार होत नाही. त्यांच्यात मतदान नसतं. हात वर करायचे नाहीत, बहुमत नाही. सगळे बोलतात, मध्ये मध्ये गप्प बसतात, आणि सभेचा कल काय दिसतो ते लेखनिक तिथल्या तिथे कागदावर लिहून मोठ्याने वाचते. मग विचारते, सगळ्यांना हे मान्य आहे का? एकाने जरी नाही म्हटलं तरी तो कागद बाजूला ठेवतात आणि पुन्हा सुरुवात करतात.

विषय निघाला सिद्धांतच्या कंपनीचा. पेपरात बातमी आली होती. माझा नवरा तिथे आहे हे कोणालाच माहीत नाही, मी नुसतं "गाड्यांच्या कंपनीत" असं सांगितलेलं. ठरलं असं, की जूनच्या पहिल्या शुक्रवारपासून दर शुक्रवारी सकाळी सात ते आठ, कामगार आत जातात त्यावेळी, गेटसमोर मूक उभं राहायचं. याला मानवाखे म्हणतात. त्यासाठी नगरपालिकेत अर्ज द्यावा लागतो. अर्जात लाउडस्पीकर किती हाही रकाना आहे. हिल्डेगार्डने तिथे शून्य लिहिलं.

मी काय केलं? मी गप्प बसले. ऐंशीच्या घरातली माणसं ठरवत होती, मी आलेली काल-परवा, भाषा मोडकी. आपल्या घरात मोठी माणसं बोलत असताना सून मान खाली घालून बसली की तिला पटलेलं नाही हे भिंतींनाही कळतं. कोणीतरी लगेच म्हणतंच, "काय गं, मनात नाही वाटतं?" मला वाटलं, इथेही विचारतील. हिल्डेगार्डने कागद वाचला, सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, माझ्याकडेही बघितलं. मी जमिनीकडे बघत होते. त्यांनी खाली लिहिलं, "सर्व उपस्थित सहमत." त्यांच्यात गप्प राहणं म्हणजे होकार असतो, हे मला कॉफी पिताना कळलं.

काका, मी काय करू? आणि कृपा करून सिद्धांतला काही कळवू नका.

ईश्वरी


पुणे,
२१ एप्रिल २०२५

चि. ईश्वरी,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचून राग कमी होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

म्हणजे आत माझा पुतण्या घाम गाळणार आणि बाहेर त्याचीच बायको बारा म्हाताऱ्यांबरोबर तोंड बंद करून त्याची लाज काढणार? हेच का ते शांतीचं काम? मग माझ्याही फॅक्टरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या असत्या तुझ्या हिल्डेगार्डबाई! मी चौतीस वर्षं तेच काम केलं. सीमेवर माणसं उभी आहेत म्हणून आपण घरात झोपतो. त्यांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं, ते कोणीतरी बनवावं लागतं, आणि जो बनवतो त्यालाही पोरं असतात. आमच्या मालाने पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही. ते विचारायचं काम माझं नव्हतं.

माझं स्पष्ट मत ऐक. सिद्धांतने सही करावी. परदेशात, लहान मूल पदरात, अशा वेळी तत्त्वं घेऊन बसायचं नसतं. तू त्या शुक्रवारी जाऊ नको. ताप आला म्हणून सांग, पाय मुरगळला म्हणून सांग. दोन-चार शुक्रवार गेले की त्यांनाही कळेल. आणि तोवर घरात कुणाला काही सांगू नको. उगाच घरात आग लावण्यात अर्थ नाही.

गप्प बसण्याचं म्हणशील, तर आपल्या घरात बाईमाणूस गप्प बसलं की नाही असतं, हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. तुझ्या जर्मन बायांना तीन महिन्यांत कसं कळावं? त्यांची चूक नाही. तुझीच आहे.

रागाने लिहिलंय, पण खोटं नाही लिहिलेलं.

काका


झिंडेलफिंगेन,
१९ मे २०२५

ती. काकांना,

तुम्ही मला "घरात कुणाला काही सांगू नको" लिहिलंत आणि त्याच दिवशी सिद्धांतला सगळं लिहून टाकलंत. दोन्ही पाकिटं एकाच दिवशी आमच्या पेटीत पडली. तुमचा मान ठेवून सांगते, मला फार वाईट वाटलं. मी विश्वासाने लिहिलं होतं.

त्याने तुमचं पत्र जेवायच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. "बायकोला आवर, आणि सही करून मोकळा हो." मग कागदाची घडी घालून म्हणाला, "तीन वर्षं इथे मान खाली घालून राबतोय. आणि तू माझ्याच गेटवर?" मी म्हणाले, मी हो म्हटलंच नव्हतं. तो म्हणाला, "नाहीही म्हटलं नव्हतंस." मग मी म्हणाले, तू तरी कुठे सांगितलंस काय बनवणार आहात ते? मला पेपरात वाचावं लागलं. तेव्हा तो जे बोलला ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणाला, "तू काकांना विचारलंस. म्हाताऱ्या जर्मन बाईच्या तोंडाकडे बघत बसलीस. मला विचारलंस का, सिद्धांत, तुला काय वाटतं?" विहान ताटातली भेंडी बाजूला काढत होता. त्याने विचारलं, "वेअर हाट रेश्ट?" कोणाचं बरोबर आहे? आम्ही दोघांनीही त्याला भेंडी खायला सांगितलं.

ताप मी आणला नाही. पाय मुरगळून घेतला नाही. दुसऱ्या दिवशी हिल्डेगार्डच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. माझा नवरा त्या कंपनीत आहे, आणि त्या दिवशी मी गप्प होते तो होकार नव्हता. मला वाटलं त्या म्हणतील, असू दे, तू येऊ नकोस, आम्ही जातो. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे मी खोटं लिहिलं. सगळे सहमत नव्हते." मी म्हणाले, मी एकटीच तर आहे. त्या म्हणाल्या, "गेनाऊ. अगदी बरोबर. एक जण आहे."

आणि काका, त्यांनी सगळं थांबवलं. नगरपालिकेचा अर्ज मागे घेतला, बाकीच्या अकरा जणांना फोन केले. आता बावीस जूनला पुन्हा सभा आहे. मला शरमेने मेल्यासारखं झालं. बारा माणसं, त्यातली कित्येक आयुष्यभर हे काम करणारी, माझ्या एकटीच्या "नाही"साठी थांबली आहेत, आणि मला अजून हेही माहीत नाही की माझं खरंच नाही आहे का. त्या मोटरी बनू नयेत असं मला वाटतं. सिद्धांतची नोकरी जाऊ नये असंही वाटतं. दोन्ही तितक्याच जोराने वाटतं.

निघताना मी विचारलं, तुम्हाला माझा राग नाही आला? त्यांनी एक गोष्ट सांगितली. सत्तेचाळीस साली त्या सात वर्षांच्या होत्या, खायला काही नव्हतं. शाळेत क्वेकर लोक डबा भरून सूप द्यायचे. परदेशातली माणसं, दोन वर्षांपूर्वीचे शत्रू. त्यांचे वडील युद्धात तोफगोळ्यांच्या कारखान्यात कामाला होते. "सूप वाढणाऱ्या बाईने मला विचारलं नाही, तुझा बाप काय करतो. मग मी तुझ्या नवऱ्याबद्दल कशाला रागावू?"

घरात आम्ही बोलतो ते फक्त दूध, शाळा आणि कपडे यांबद्दल. तुम्ही रागावला असाल तर रागवा. पण पत्र लिहा.

ईश्वरी


पुणे,
८ जून २०२५

चि. ईश्वरी,

तुझ्या मागे त्याला पत्र लिहिलं, ते चुकलं. सत्तरीनंतर माणूस माफी मागायला शिकत नाही, म्हणून एकाच वाक्यात मागतो आणि पुढे जातो. तुझ्या काकूला हे कळल्यावर ती दोन दिवस गप्प होती. त्याचा अर्थ मला आता कळतो.

एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. कोणालाच सांगितलेली नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं लडाखला गेलो होतो, फोटो तुम्ही पाहिलेत. परतीच्या वाटेवर गाडी एका गावात थांबली. तिथल्या शाळेत घंटा म्हणून तोफगोळ्याचं पितळी टरफल टांगलेलं. गाइड कौतुकाने दाखवत होता. मी सवयीने वाकून बुडाशी बघितलं. तिथे बॅचचा नंबर असतो आणि तपासनिसाचा शिक्का. प्रत्येकाचा शिक्का वेगळा असतो, ईश्वरी. तो माझा होता. माझ्या हाताने मारलेला.

मला आधी अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. बघ, माझा माल इथवर आला, नीट उडाला, टरफल शाबूत. मग मी गाइडला विचारलं, गोळा कुठे पडला असेल? त्याने हात केला, डोंगराच्या पलीकडे. एवढंच. तिकडे काय आहे विचारलं. म्हणाला, गाव आहे, असंच. तेवढ्यात सुट्टी झाली आणि पोरांनी घंटा वाजवली. तेव्हा मला बऱ्यापैकी ऐकू यायचं.

त्या रात्री मी जेवलो नाही. काकूला वाटलं, उंचीचा त्रास.

मला पश्चात्ताप होतो असं समजू नकोस. मी तेच काम पुन्हा केलं असतं. सिद्धांतला शिकवायचं होतं, देशाला माल हवा होता. पण चौतीस वर्षांत मला एकदाही कोणी विचारलं नाही, पद्माकर, हे तू करतोयस ते तुला चालतं का? साहेबांनी नाही, युनियनने नाही, बायकोने नाही. मीही मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. आता ते हो माझ्याकडे नाही. नुसता शिक्का आहे.

तुझ्या त्या सभेवर मी आधी हसलो. एका पाहुणीसाठी बारा माणसं अडून राहतात, म्हणजे कामं व्हायची कशी? पण आमच्याकडे एका माणसासाठी कधी काही थांबलेलं मला आठवत नाही, हेही खरं.

सिद्धांतला मी सही कर लिहिलं, ते माझं मत. ते मी मागे घेत नाही. पण त्याचं मत त्याला विचार. आणि बावीस तारखेला मान खाली घालून बसू नकोस. चुकीच्या जर्मनमध्ये बोल, पण बोल.

हे पत्र त्याला दाखवायला माझी हरकत नाही. पत्राला उशीर होऊ नये म्हणून शेजारच्या निशिगंधाकडून फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवतोय. ती वाचणार नाही असं म्हणाली आहे. बहुधा वाचेल.

काका


झिंडेलफिंगेन,
६ जुलै २०२५, रविवार

ती. काका,

यावेळी पत्र माझं आहे. दहावीच्या सुट्टीनंतर तुम्हाला पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे अक्षर सोसून घ्या. ईश्वरी म्हणाली, "हे तूच लिही," आणि मसाल्याच्या डब्यासारखं वही-पेन पुढ्यात आणून ठेवलं.

तुमचं जूनचं पत्र मी वाचलं. शाळेच्या घंटेबद्दल मला काही लिहिता येत नाही. वाचून बाल्कनीत बसलो होतो. तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. मग वाटलं, मी तरी घरात काय सांगत होतो?

त्याच संध्याकाळी ईश्वरीने विचारलं. कणीक मळत होती. "सिद्धांत, तुला हे काम करायचंय?" मी म्हणालो, जानेवारीपर्यंत नोकरी हवी. विहानची शाळा आहे. पुण्याला परत जाऊन काय करणार. ती म्हणाली, "ही सगळी कारणं झाली. मी हो की नाही विचारतेय." काका, मार्चपासून मी हा प्रश्न चुकवत होतो. ऑफिसात उशिरापर्यंत थांबायचो, काम नसतानाही. मी हो म्हणालो. तिच्या तोंडावर. नंतर त्या कागदावर सही करायला मला काहीच वाटलं नाही, कारण अवघड ते आधीच होऊन गेलं होतं. ती रडली. मग पोळ्या केल्या.

बावीस तारखेला मी तिच्याबरोबर श्टुटगार्टला गेलो. कोणी माझ्याशी भांडेल म्हणून तयारी करून गेलो होतो. कोणी भांडलं नाही. आधी पाऊण तास शांतता, त्यात माझं पोट सारखं वाजत होतं. मग ईश्वरी उभी राहिली. तिचं व्याकरण भयंकर होतं. ती म्हणाली, माझा नवरा आत आहे, तो सही करणार आहे, आणि मला ते मान्य नाही. पण तुमच्या पत्रकात एक ओळ आहे, "आत जाणाऱ्यांनो, तुम्ही काय बनवता ते तुम्हाला माहीत आहे का?" ती ओळ काढा. त्यांना माहीत आहे. त्यांना कोणी विचारत नाही, एवढंच. ओळ काढलीत तर मी तुमच्याबरोबर उभी राहीन.

हिल्डेगार्डबाईंनी तिथेच नवीन मजकूर लिहिला. तीन वेळा खोडला. पत्रकावर आता एवढंच आहे, की आम्ही दर शुक्रवारी इथे आहोत आणि कोणाला बोलावंसं वाटलं तर आम्ही ऐकू. वाचून झाल्यावर त्या बाईंनी एकेकाकडे बघितलं. माझ्यापाशी येऊन थांबल्या. मला वाटलं, मी कोण, पाहुण्याचा पाहुणा. पण त्या थांबूनच राहिल्या. शेवटी मी म्हणालो, मला पटलेलं नाही, पण तुम्ही या. त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. माझ्या नावासकट.

परवा शुक्रवार, पहिला दिवस. आम्ही घरातून बरोबर निघालो. तिने माझा डबा भरला होता. बसमध्ये विहानच्या दाताबद्दल बोललो. कोपऱ्यावर ती म्हणाली, "जाते," आणि पुढे गेली, कारण तिला सातला पोचायचं होतं. मी मुद्दाम पाच मिनिटं थांबलो.

गेटसमोर तेरा माणसं ओळीने उभी होती. फलक एकच, तोही लहान. मी, मार्टिन आणि टीममधले दोघं-तिघं एकदमच आत शिरत होतो. मार्टिन माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, माझ्याच वयाचा आहे, त्यानेही जूनमध्ये सही केली. एकजण म्हणाला, "या म्हाताऱ्यांना दुसरं काही काम नाही," आणि सगळे हसले. मीही हसलो असतो, सवयीने. मी म्हणालो, "डावीकडून तिसरी माझी बायको आहे."

कार्ड लावून आत गेलो. ती माझ्याकडे बघत होती की नाही हे मला ठाऊक नाही, मी मागे वळून बघितलं नाही. दिवसभर कामं झाली. मार्टिन एरवी दर तासाला काहीतरी बडबडतो, तो गप्प होता. मला वाटलं, झालं, आता हे साहेबांपर्यंत जाणार.

संध्याकाळी तो जिन्यात माझ्यासाठी थांबलेला. म्हणाला, "तुझ्या बायकोला माहीत आहे, आपण काय बनवतो ते?" मी म्हणालो, हो. तो म्हणाला, "माझ्या बायकोला मी अजून मोटरी गाड्यांच्या आहेत असं सांगितलंय."

बस येईपर्यंत आम्ही दोघं स्टॉपवर उभे होतो. त्याची बस आधी आली, ती त्याने सोडली. दुसरी आली तेव्हा म्हणाला, "आज सांगतो," आणि चढला.

तुमचा,
सिद्धांत